पगाराची चिठ्ठी फेकू नका: वरचा आकडा, खालचा आकडा आणि मधले पैसे

हिशेबनीसबाई

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-गारमेंटच्या कारखान्यात मी सतरा वर्षं पगारपत्रक करते. आमच्याकडे सात तारखेला पगार. पैसे खात्यावर जातात, चिठ्ठी हातात देतो. बायका चिठ्ठी उघडतात, सगळ्यात खालचा आकडा बघतात, बँकेच्या मेसेजशी जुळवतात, आणि गेटपाशी पोचेपर्यंत तिचा बोळा झालेला असतो. संध्याकाळी घरी जाताना मी ते बोळे उचलते, हाताने सरळ करते आणि कपाटात नावाप्रमाणे लावून ठेवते. शिलाई खात्यातल्या एका बाईंच्या अशा अकरा चिठ्ठ्या आज माझ्याकडे आहेत.

परवा नवीन लागलेल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, अठरा हजार ठरले होते, मग सोळाच कसे आले?" हाच प्रश्न 2024 मध्ये माझ्या भाच्यानं विचारला होता. डिप्लोमा झाला, चिंचोळीला नोकरी लागली, "अडीच लाखाचं पॅकेज" म्हणून घरात पेढे आले. ऑगस्टचा पहिला पूर्ण पगार झाला आणि खात्यावर आले 16,225 रुपये. अडीच लाखाला बारानं भागलं तर वीस हजार आठशे येतात. पोरगं जेवेना. भावोजी म्हणाले, मधल्या मधे कुणीतरी खाल्लेत, सोड ती नोकरी. मी म्हटलं, आधी चिठ्ठी आण.

ताटं बाजूला सारून आम्ही ती चिठ्ठी वाचली. डावीकडे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 12,000, घरभाडे भत्ता 3,000, इतर भत्ता 3,000. बेरीज 18,000. हा झाला ग्रॉस, म्हणजे काही कापायच्या आधीचा पगार. उजवीकडे कपात. पीएफ 1,440, म्हणजे मूळ अधिक महागाईच्या 12 टक्के. ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्यविमा, 135, ग्रॉसच्या पाऊण टक्का. व्यवसाय कर 200. एकूण 1,775. अठरा हजारातून ते गेले, राहिले 16,225. एक रुपयाही कुणी खाल्ला नव्हता.

मग अडीच लाख कुठून आले? कंपनी त्याच्यासाठी जे भरते तेही त्या आकड्यात धरलेलं होतं. कंपनीचा पीएफचा वाटा 1,440, ईएसआय सव्वातीन टक्क्यांनी 585, पीएफचा विमा आणि प्रशासन खर्च मिळून 120, आणि नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीसाठी बाजूला धरलेले 577. अठरा हजारात हे मिळवा, 20,722 होतात. गुणिले बारा, 2,48,664. हेच ते अडीच लाख. मुलाखतीत हा आकडा सांगतात, चिठ्ठीवर ग्रॉस दिसतो, आणि किराणा भरायचा तो नेटमधून, म्हणजे हातात येणाऱ्या पैशांतून. नोकरी घेताना पोरांनी सरळ विचारावं, "महिन्याला ग्रॉस किती आणि हातात किती?" यात लाजण्यासारखं काही नाही.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. त्या 1,775 रुपयांत कर फक्त 200 रुपये आहे. 1,440 त्याचेच आहेत, त्यात कंपनी तेवढेच घालते. कंपनीच्या वाट्यातले 1,000 पेन्शनकडे जातात, 440 त्याच्या पीएफ खात्यात. म्हणजे महिन्याला 2,880 रुपये त्याच्या नावानं कुठंतरी जमा व्हायला हवेत. झाले का? ते चिठ्ठी सांगत नाही. चिठ्ठी एवढंच सांगते की कापले. जमा झाले की नाही हे पीएफच्या पासबुकात दिसतं, उमंग ॲपवर किंवा सदस्य पोर्टलवर. मालकाला मागच्या महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावी लागते, म्हणून महिनाअखेरीला एकदा चिठ्ठी आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून बघायचं. चिठ्ठीच फेकलेली असेल तर जुळवणार कशाशी?

तुमच्या चिठ्ठीवर काही कळत नसेल तर इथं विचारा. कंपनीचं नाव, यूएएन (पीएफचा नंबर), खाते क्रमांक मात्र लिहू नका.

जुळे_सोलापूरकर

ताई, फार बरं झालं हा धागा काढलात. तुमचं वाचून रात्रीच बायकोची चिठ्ठी काढली. ती एका खासगी शाळेच्या ऑफिसात आहे, ग्रॉस 19,500. व्यवसाय कर 200 कापलेला. महिलांना यात सूट आहे ना?

हिशेबनीसबाई

आहे. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2023 पासून महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. पुरुषांना 7,500 पर्यंत नाही, 10,000 पर्यंत 175, त्याच्या वर 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. वहिनींच्या ऑफिसात बहुतेक जुनंच सॉफ्टवेअर चालू राहिलंय. भांडायला जायची गरज नाही. एप्रिल 2023 पासूनच्या चिठ्ठ्या लावून एक साधा अर्ज द्यायला सांगा, "कापलेली रक्कम परत मिळावी" एवढाच.

जुळे_सोलापूरकर

चिठ्ठ्या सात महिन्यांच्याच सापडल्या ताई. बाकीच्या दिवाळीच्या साफसफाईत गेल्या.

चिंचोळीचा_फिटर

माझा प्रश्न उलटा आहे. माझा ग्रॉस 20,000, पण मूळ पगार फक्त 7,000 दाखवतात, बाकी 13,000 भत्ते. त्यामुळे पीएफ 840 च कापला जातो आणि हातात जास्त येतात. मित्र म्हणतात तुझं बरं आहे. खरंच बरं आहे का?

हिशेबनीसबाई

आज बरं वाटतं, पुढं नाही. तुमचा पीएफ कमी म्हणजे कंपनीचाही कमी. पेन्शनचा वाटा कमी. ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ पगारावर निघते, गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. दहा वर्षांनी सोडलंत तर 7,000 वर साधारण 40,385 येतात. तोच पाया 10,000 असता तर 57,692. सतरा हजारांचा फरक नुसत्या रकाना बदलल्यानं पडतो.

आणि हे आता बदललंय. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर निम्म्यावरचा भाग वेतनातच धरायचा. तुमच्या बाबतीत निम्मे म्हणजे 10,000, भत्ते 13,000, वरचे 3,000 वेतनात येणार. पाया 10,000 झाला की पीएफ 1,200. हातातले 360 कमी होतील, पण कंपनीलाही तेवढेच जास्त घालावे लागतील. ज्यांचा पाया आधीच 15,000 किंवा वर आहे आणि पीएफ 15,000 च्याच मर्यादेवर कापला जातो, त्यांच्या पीएफ कपातीत यामुळे फरक पडायचं कारण नाही.

एक आणखी बघा. मूळ पगार आणि विशेष भत्ता मिळून तुमच्या उद्योगाच्या किमान वेतनाएवढे होतात का? नसतील तर तो वेगळाच आणि जास्त गंभीर प्रश्न आहे.

अशोक_चौक

ओ ताई, तुम्ही लोक चिठ्ठी वाचायलाव, आमच्याकडं चिठ्ठीच नाही. मी यंत्रमागावर हाय, बारा वर्षं झाली. नगावर मजुरी. शनिवारी शेठ वहीत बघून पैसे देतो. बहिणीच्या लग्नाला 40,000 उचल घेतली होती, दर आठवड्याला कापून घेतो. किती फिटली, किती राहिली, त्याच्या वहीतच. विचारलं तर म्हणतो, "हाय अजून." आम्ही काय करायचं?

विडीवाल्याची_लेक

अशोक चौक दादा, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. माझी आई पस्तीस वर्षं विड्या वळत होती. आमच्या घरी तेलुगू, आई मराठी वाचू शकत नाही. तिलाही कधी चिठ्ठी नव्हती. हजार विड्यांमागे दर, आणि कारखान्यात माल दिला की लॉगबुकात नोंद. किती विड्या दिल्या, छाट (नापास विड्या) किती काढली, पैसे किती. वही भरली की लोक टाकून देतात. आई टाकायची नाही. तिला वाचता येत नव्हतं म्हणूनच तिला ती वही मोलाची वाटायची. तांदळाच्या डब्यात, कापडात गुंडाळून अकरा वह्या होत्या.

साठीनंतर पेन्शनचं काम काढलं तर कारखान्याच्या नोंदीत तिचं नाव वेगळं, आधारवर वेगळं. एका ठिकाणी माहेरचं, एका ठिकाणी सासरचं, अक्षरंही वेगळी. पेन्शनला दहा वर्षांची नोंद लागते, आणि जुळत होती साडेसहाचीच. मी त्या अकरा वह्या घेऊन आठ महिने फेऱ्या मारल्या. प्रत्येक वहीवर तिच्या अंगठ्याचा ठसा आणि कारखान्याचा शिक्का. शेवटी ती सगळी वर्षं एकाच बाईची म्हणून धरली गेली. आता महिन्याला पेन्शन येते. रक्कम मोठी नाही, पण औषधाला माझ्याकडं हात पसरावा लागत नाही, हे ती प्रत्येकाला सांगते.

दादा, तुम्ही आजपासून स्वतःची वही घाला. शेठची त्याच्याजवळ राहू द्या.

हिशेबनीसबाई

वाचून डोळ्यांत पाणी आलं. आईंना नमस्कार सांगा.

अशोक चौक भाऊ, ताई म्हणतात तसंच करा. एक शंभर पानी वही घ्या. रोजची तारीख, कोणता माग, किती नग, काय दर. शनिवारी किती मिळाले, उचलीतले किती कापले. शक्य असेल तर पैसे खात्यावर मागा, निदान उचलीचा हप्ता तरी. वहीच्या पानाचा दर शनिवारी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे त्या दिवशीच लिहिलं होतं हे दिसतं.

कायदाही तुमच्या बाजूनं आहे. वेतन संहितेत वेतनपावती देणं मालकाचं काम आहे, आणि मजुरी नगावर असली तरी तुम्ही कामगारच. सगळ्या कपाती मिळून मजुरीच्या निम्म्याहून जास्त कापता येत नाहीत, उचलही त्यातच. कमी पैसे दिल्याचा किंवा चुकीचं कापल्याचा दावा केलात तर पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. हे मी भांडण लावायला सांगत नाही. आधी शेठला शांतपणे म्हणा, "शेठ, उचलीचा हिशेब एका कागदावर लिहून द्या, घरी दाखवायचाय." नाहीच दिला तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. एकटे जाऊ नका, युनियनचे कुणी ओळखीचे असतील त्यांना घेऊन जा.

सातरस्ता

कर्ज काढायच्या वेळीच या चिठ्ठीची आठवण होते. बँकेनं तीन महिन्यांच्या मागितल्या, माझ्याकडं एक होती. एचआरनं मेलवर पाठवल्या म्हणून निभावलं.

माझा प्रश्न खाड्याचा. मागच्या महिन्यात दोन खाडे झाले. माझा ग्रॉस 18,000. कापले 1,385. मी हिशेब केला तर 1,200 च यायला हवेत.

हिशेबनीसबाई

तुम्ही 30 नं भागलंत, त्यांनी 26 नं. 18,000 भागिले 26 म्हणजे 692, दोन दिवसांचे 1,385. आठवड्याची सुटी वजा करून 26 दिवस धरायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. पण मग ओव्हरटाइमचा दरही 26 नंच काढलेला हवा. खाडा 26 नं कापायचा आणि ओव्हरटाइम 30 नं द्यायचा, असं मी एका जुन्या ठिकाणी डोळ्यांनी पाहिलंय. दोन्हीकडून कामगाराचंच जातं, आणि चिठ्ठीवर दोन्ही आकडे समोरासमोर छापलेले असूनही कुणाच्या लक्षात येत नाही. कारखान्यात ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा असतो, तेही तपासा. चिठ्ठीवर "भरलेले दिवस" असा रकाना असतो. पैशांच्या आधी तो वाचायची सवय लावा. हजेरीत एक दिवस चुकला की खालचं सगळं चुकतं.

चिंचोळीचा_फिटर

ताई, ईएसआयचं पण सांगा. दर महिन्याला कापतात आणि आमच्यातलं कुणी तिकडं जात नाही. सगळे खासगी दवाखान्यात.

हिशेबनीसबाई

हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. पगार 21,000 पर्यंत असेल तर तुम्ही या योजनेत आहात. तुमचा पाऊण टक्का जातो, मालकाचा सव्वातीन. त्यावर तुमच्यावर तर उपचार होतातच, बायको-मुलं आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांवरही होतात. होटगी रोडला कामगारांचं रुग्णालय आहे, तिथं नसलेल्या उपचारासाठी पुढं पाठवतात. आणि जे कुणालाच माहीत नसतं ते हे, की आजारपणात बिनपगारी रजा पडली तर वर्षात 91 दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या 70 टक्के पैसे मिळतात. त्यासाठी आधीच्या सहामाहीत निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. बाळंतपणात 26 आठवडे पूर्ण पगाराएवढे.

आमच्याकडच्या एका बाईंच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन खासगीत झालं. सोनं गहाण टाकलं. चिठ्ठीवर ईएसआयचा नंबर चार वर्षं छापून येत होता. पहचान कार्ड काढलेलंच नव्हतं, घरच्यांची नावं घातलेली नव्हती. मी त्यांना आधी का विचारलं नाही, हे अजून मनात सलतं. त्यानंतर नवीन माणूस लागला की पहिल्याच आठवड्यात मी त्याला समोर बसवून घरच्यांची नावं भरून घेते. पीएफच्या नॉमिनीचंही तेव्हाच. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफच्या विम्यातून घरच्यांना सात लाखांपर्यंत मिळू शकतात, आणि नॉमिनी नसला की त्या घरची बाई कागदांसाठी वर्षभर फिरते.

सध्या_पुण्यात

मी मूळचा साखर पेठेतला, आता पुण्यात. माझा भाऊ सोलापुरातच ठेकेदारामार्फत एका ठिकाणी कामाला आहे. धागा वाचून काल व्हिडिओ कॉलवर त्याच्या चिठ्ठ्या आणि पासबुक जुळवलं. चिठ्ठीवर प्रत्येक महिन्याला पीएफ कापलाय. पासबुकात जून, जुलै, ऑगस्टच्या नोंदीच नाहीत. सप्टेंबरपासून परत आहेत. ठेकेदार म्हणतो, "सिस्टिमचा प्रॉब्लेम होता, होईल." सहा महिने झाले. महिन्याला 1,320, म्हणजे त्याचे एकट्याचे 3,960 आणि मालकाचे वेगळे. तो म्हणतो जाऊ दे, चार हजारासाठी नोकरी घालवू नको. काय करावं?

हिशेबनीसबाई

जाऊ देऊ नका. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी विश्वासघात धरला जातो, पूर्वी भारतीय दंड संहितेत होतं, आता न्याय संहितेतही आहे. उशिरा भरला तर मालकाला व्याज आणि दंड दोन्ही पडतात. ठेकेदारानं नाहीच भरला तर ज्याच्या आवारात तुमचा भाऊ काम करतो त्या मूळ मालकावर जबाबदारी येते, आणि मूळ मालकांना हे पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे पहिली चिठ्ठी ठेकेदाराला लिहा, प्रत मूळ कंपनीच्या एचआरला. पुष्कळदा तेवढ्यानंच पंधरा दिवसांत भरणा होतो. नाही झाला तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, सोलापुरात त्यांचं कार्यालयही आहे.

आणि तो एकटाच नसणार. त्या तीन महिन्यांत त्याच ठेकेदाराकडे असलेल्या सगळ्यांची पासबुकं बघायला सांगा. दहा जणांनी सह्या केल्या की कुणा एकाच्या नोकरीवर येत नाही.

सध्या_पुण्यात

आत्ता त्याचा फोन आला. त्याच्याबरोबरच्या सहा जणांनी बघितलं, सगळ्यांचे तेच तीन महिने गायब. पण चिठ्ठ्या फक्त दोघांकडं आहेत, भावाकडं आणि एका मावशींकडं.

हिशेबनीसबाई

दोन पुरेत सुरुवातीला. बाकीच्यांनी त्या तीन महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढावं. ग्रॉसमधून कापून आलेली रक्कम त्यात दिसेल, आणि दोन चिठ्ठ्यांवरून कपातीची रीत कळेल. जून, जुलै, ऑगस्टच्या चिठ्ठ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढा, पासबुकाचं ते पान छापून घ्या. अर्जावर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्यायची. मूळ चिठ्ठ्या कुणी कितीही मागितल्या तरी द्यायच्या नाहीत, मावशींना हे आजच फोन करून सांगायला सांगा.

अर्जाचा मसुदा मी रात्री इथं टाकते.

अशोक_चौक

ताई, वही आणली. आज शनिवार, पहिलं पान लिहिलं. शेठला म्हटलं उचल किती राहिली ते या पानावर तुमच्याच हातानं लिहा. त्यानं बघितलं माझ्याकडं, मग लिहिलं. 11,500. मी तर 20,000 धरून चाललो होतो.